एका तारखेचे तीन नारळ

टाऊन हॉलच्या तारखा हल्ली मी देते. आमचे हे देत नाहीत. त्यांच्याकडून तो अधिकार काढून घेतला आहे, आणि का काढून घेतला हे औंढ्यापासून टाकव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही नवीन दिसता, म्हणून सांगते.

आमचे हे म्हणजे माधवराव. रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा स्टेशन मास्तर म्हणून. घाटाच्या तोंडाशी, धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही अशा दिवसांतसुद्धा या माणसाने एका रुळावर दोन गाड्या कधी येऊ दिल्या नाहीत. आणि याच माणसाने निवृत्त झाल्यावर एका तारखेला तीन कार्यक्रम घेतले. मी विचारलं तर म्हणाले, "सिग्नलला लाल दिवा असतो, चंद्रिका. माणसाला तोंडावर लाल दिवा कसा दाखवायचा?" लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. मला मात्र तो रोज दाखवता येतो यांना.

टाऊन हॉल तुम्ही येताना पाहिलाच असेल. काळ्या दगडाचा, वर मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा आणि जमिनीपर्यंत उतरलेल्या बारा खिडक्या. खिडक्या कसल्या, दारंच ती. शंभरीला टेकलेली इमारत. तिथे सभा झाल्या, रेशनकार्डं मिळाली, मी पहिल्यांदा मत टाकलं तेही तिथेच. मग कचेऱ्या नव्या जागेत गेल्या आणि हॉलला कुलूप लागलं. पंधरा वर्षं आत वटवाघळं नांदली. शेवटी दुरुस्तीचं ठरलं, गावकऱ्यांची समिती झाली आणि अध्यक्षपदासाठी असा माणूस शोधायला लागले की ज्याचं कुणाशीच वाकडं नाही. तो माझ्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता.

हॉलचं पुढे करायचं काय, यावर समितीच्या नऊ बैठका झाल्या. एकाला वाचनालय हवं होतं, एकाला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, एकाला पर्यटकांसाठी चिक्कीचं प्रदर्शन. लोणावळ्यात चिक्कीचं प्रदर्शन! हे सगळ्यांना म्हणत, "छान कल्पना आहे." बैठक संपली की प्रत्येक जण आपलंच ठरलं असं समजून घरी जायचा. ठरली होती ती फक्त उद्घाटनाची तारीख, अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला एक, त्याला पंचांगही विचारावं लागत नाही. तिथेच पहिली माशी शिंकली, कारण ज्या दिवशी आपल्याला पंचांग विचारावं लागत नाही त्या दिवशी ते जगात कुणालाच विचारावं लागत नाही.

आता नारळांचं सांगते. आमच्या मावळात कुणी चांगलं काम अंगावर घेतलं की आधी त्याचा सत्कार होतो, काम मागाहून. त्यामुळे फाल्गुनाच्या एकाच आठवड्यात तीन जण घरी आले. पहिले टाकवे बुद्रुकचे महिपती. भातशेती करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी यांना पाटावर बसवलं, टोपी-टॉवेल दिला, ओंजळीत नारळ ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, आखितीला थोरलीचं लगीन हाय. हालकडं लक्ष असू द्या." हे म्हणाले, "अहो, आनंदच आहे. नक्की, नक्की." दोन दिवसांनी परंदवडीच्या तालमीचे हौशीराम वस्ताद आले. पोरांच्या गादीवरच्या कुस्त्या आखितीलाच, म्हणजे अक्षय तृतीयेलाच. शाल, नारळ, नक्की, नक्की. मग औंढ्याच्या बयाबाई, वय शहात्तर, भजनी मंडळाच्या पुढारी. त्यांनी तर नारळाबरोबर यांच्या कपाळाला बुक्काही लावला.

यांना वाटलं, आपला सत्कार चालला आहे. पण पाटावर बसून ओंजळीत नारळ घेतला की शब्द दिला, सुपारी फुटली, विषय संपला, ही तिकडची रीत. शहरात राहून यांना ती आठवली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी तिन्ही नारळ खवले आणि वड्या केल्या. छान झाल्या होत्या, वेलदोडा घालून.

अक्षय तृतीयेला तेवीस दिवस उरले असताना महिपती पत्रिका घेऊन आले. बरोबर त्यांची थोरली मुलगी कोमल. ती टाकव्याजवळच्या कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे, नजर अशी की माझ्या कपाचा टवका तिने बसता बसता पाहिला. मी चहा आणि वड्या ठेवल्या, चष्मा लावला आणि पत्रिका वाचली. विवाहस्थळ, टाऊन हॉल, लोणावळा. मी यांच्याकडे पाहिलं. हे पत्रिकेवरच्या गणपतीकडे पाहत होते.

तेवढ्यात दारातून हौशीराम वस्तादांचा आवाज आला. "मास्तर, ह्ये बगा, पोरांनी बोर्ड कसा केलाय!" बोर्डावर लाल अक्षरांत अक्षय तृतीया, सकाळी दहा, टाऊन हॉल. वस्तादांनी पत्रिका वाचली, महिपतींनी बोर्ड वाचला. कुणी काही बोलायच्या आत फोन वाजला. बयाबाई विचारत होत्या, टेम्पो हॉलच्या पुढच्या दाराला लावायचा की मागच्या.

"नारळ मला दिलाय," महिपती म्हणाले.

"मंग आमी काय बटाटा दिलता व्हय?" वस्ताद म्हणाले.

यांचा चेहरा पांढरा पडला. हे हळूच म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुमचे नारळ परत करतो. चंद्रिका, नारळ..."

"तुम्ही खाल्लेत," मी म्हणाले. "हे दोघंही आत्ता खातायत."

वस्तादांच्या हातातली वडी तोंडाशीच थांबली. कोमल फिस्सकन हसली. पण महिपती हसले नाहीत. त्यांनी वडी बशीत ठेवली आणि टोपी काढून मांडीवर घेतली.

"साडेतीनशे पत्रिका वाटून झाल्यात, मास्तर. आखितीचं कार्यालय आता कुटं मिळायचं? मुंबईवाल्यांनी सालभर आदी धरून ठिवल्यात. जावई फौजेत हाय. महिन्याची सुट्टी घिऊन आलाय, आखितीच्या तिसऱ्या दिशी जातोय. हितं न्हाई झालं तर पोरीचं लगीन वरीसभर पुढं गेलं."

कोमलचं हसू थांबलं. ती कपाच्या टवक्यावरून बोट फिरवत राहिली. मला यांचा असा राग आला की विचारू नका, आणि त्या रागात वड्यांची लाजही होती. वस्ताद तसा दिलदार माणूस. ते म्हणाले, "आमच्या कुस्त्या काय, सांजच्याला घिऊ. लगीन हुं द्या." फोनवरून बयाबाईंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "मंडळ सकाळी म्हनंल, दुपारी लग्नाचं जेवंल." दहा मिनिटांत सगळं सुटलं. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मग सगळे हॉल पाहायला गेले आणि घोडं पुन्हा काठावर आलं.

हॉलला जमीनच नव्हती.

दुरुस्तीचं काम माझ्या भावाच्या मुलाकडे होतं. मुकुल वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींचं काम करतो. कौलं, तुळया, भिंती, सगळं त्याने देखणं केलं होतं. पण जमिनीवरच्या फरशा पोकळ वाजत होत्या म्हणून काढल्या, तर खालचा जुना चुन्याचा कोबा भुगा झालेला. नवा कोबा करायचा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना अंथरायचा, त्यावर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडायचं आणि लाकडी थापीने ठोकत राहायचं, दगड होईपर्यंत. ते काम येणारी माणसं मुकुलने साताऱ्याकडून आणली होती. माणसं चैत्रात गावच्या जत्रेला गेली. जत्रेला गेलेली माणसं सांगितल्या दिवशी परत येतात, असं फक्त मुकुललाच वाटलं.

"शिमीट टाका की राव," महिपती म्हणाले. "दोन दिसांत चकाचक."

"काका, टाकलं असतं," मुकुल म्हणाला. "पण इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. खालची ओल सिमेंटमधून वर येत नाही, मग ती भिंतीत चढते. दोन पावसाळ्यांत भिंती फुगतील. चुना ओल सोडतो. कोबाच हवा. वीस माणसं रोज ठोकायला आली तर दहा दिवसांत होईल. माणसं मात्र कुठून आणू, ते सांगा."

यांनी बयाबाईंना फोन करून कळवलं, भजनाला जमीनच नाही म्हणून. मग चौथ्या दिवशी सकाळी औंढ्याहून टेम्पो आला. भजनाचा टेम्पो, पण टाळ-पखवाज नव्हते. बयाबाई आणि त्यांच्या तेरा बायका उतरल्या. बयाबाईंच्या हातात काळी पडलेली थापी होती. पोरवयात त्यांनी लोणावळ्यातल्या शेठ लोकांच्या बंगल्यांच्या गच्च्या ठोकल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, चिमूटभर चुना जिभेवर ठेवून थुंकला, गुळाच्या पाण्याचा वास घेतला आणि मुकुलला म्हणाल्या, "पानी पातळ केलंस, पोरा. गूळ वाढीव. आन ह्या कामाची मास्तर मी, पन मास्तर म्हनायचं न्हाई, मावशी म्हन."

दुपारी वस्ताद अकरा पैलवान घेऊन आले. संध्याकाळी कंपनीची पाळी संपवून कोमल आली, तिच्यामागे महिपती, आणि त्यांच्यामागे लाजत लाजत सत्यम, म्हणजे नवरदेव. फौजेतला गडी, शेलाटा, केस बारीक कापलेले. लग्नाआधी नवरानवरीने एकमेकांना पाहू नये असं कुणीतरी पुटपुटलं. बयाबाई म्हणाल्या, "बगत कुटं हायत? खाली मान घालून ठोकत्यात की."

पहिल्या दिवशी पैलवानांनी घोळ केला. त्यांना वाटलं, ताकदीचं काम आहे. हात डोक्यावर नेऊन असे दणके घातले की कोब्यात वाट्यांएवढे खड्डे पडले. बयाबाई वस्तादांवर धावून गेल्या. "आरं, जमीन चितपट करायची न्हाई! जोर नगं, ताल धर. थापी पडली की आपसूक उडाली पायजे." अकरा आडदांड पैलवान बायकांच्या ओळीत उकिडवे बसले आणि मान हलवत ताल शिकायला लागले. ताल चुकू नये म्हणून बयाबाईंनी गाणं लावलं.

"गुळाचं गं पानी चुन्याला पाजीलं,
कोमलच्या लग्नासाटी हाल आमी सजवीलं."

एक ओळ त्या म्हणायच्या, दुसरी सगळ्यांनी उचलायची. त्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज असा घुमायचा की बाजारातून माणसं उठून यायची. तिसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात गर्दी व्हायला लागली. भाजीवाल्या गाडा लावून उभ्या राहिल्या. निवृत्त लोक खुर्च्या घेऊन आले. शाळा सुटली की पोरं खिडक्यांत लटकायची. रविवारी पर्यटकांच्या गाड्या थांबल्या आणि एकाने तिकीट कुठे मिळेल असं विचारलं. समितीतले ते वाचनालयवाले आणि चिक्कीवाले एकाच बाकावर बसून मान डोलावत होते. दहाव्या बैठकीची आठवण कुणालाच झाली नाही.

हे पण ठोकायला बसायचे, सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात. यांना ताल नाही. अख्खी ओळ खाली आली की यांची थापी वर, ओळ वर गेली की यांची खाली. पण गुडघे दुखत असताना माणूस दहा दिवस बसला, एकदाही उठला नाही. रात्री गुडघ्यांना तेल मीच लावायचे, आणि लावताना बोलायचेही मीच.

मी काही ठोकायला बसले नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून चहाचं पाहत होते. बयाबाईंनी एकदा थापी पुढे केली.

"मी नाही," मी म्हणाले. "ज्याने नारळ घेतले, त्याने ठोकावं."

"आन वड्या कुनी केल्या?" बयाबाई म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. मला ते झोंबलं. एकदा नाही म्हटलं की हो म्हणायला मला फार वेळ लागतो. आमच्या घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे आहे, दुसरं कुणी ते सांभाळत नाही, आणि मी ते मन लावून सांभाळते. मी चहा गाळत राहिले.

दहाव्या दिवशी थापी कोब्यावरून टणकन उडायला लागली. मग तो घोटून गुळगुळीत केला, गोणपाट पसरून ओला ठेवला. सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तोच लग्नाला तीन दिवस असताना मुकुलने गोणपाट उचलून अंगठा दाबून पाहिला आणि महिपतींना बोलावलं.

"काका, वरून सुकलाय, आतून अजून कच्चा आहे. चुना हळूहळू धरतो. उभ्याने, अनवाणी, चाळीस माणसं चालतील. खुर्च्या नाहीत, चपला नाहीत, टेबलं नाहीत. चाळीसच्या वर एक नाही. बाकीचे व्हरांड्यात. जेवणाच्या पंगती आणि संध्याकाळच्या कुस्त्या अंगणात."

चाळीस! महिपती मटकन पायरीवर बसले. तुम्हाला कदाचित कळणार नाही, पण आमच्याकडे लग्नात जेवण कमी पडलेलं माणूस एक वेळ विसरतो, मान कमी पडलेला सात पिढ्या विसरत नाही. महिपतींनी पत्रिकेच्या पाठीवर नावं लिहायला घेतली. भावकीचीच चाळीस घरं. मग व्याह्यांकडचे. मग सोसायटीचे चेअरमन. मग ज्यांनी गेल्या साली महिपतींना पहिल्या रांगेत बसवलं होतं ते. एक नाव लिहिलं की दुसरं रुसायचं. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार पत्रिका खराब केल्या आणि पाचवी फाडून टाकली.

"ह्याच्यापरीस नगंच," ते म्हणाले. "वरीसभर थांबू. चाळीस आत घिऊन तीनशे वैरी करायचं मला जमायचं न्हाई."

सत्यम खाली मान घालून उभा होता. हे फाटलेल्या पत्रिकेचे तुकडे पायरीवरून वेचत बसले. मला वाटलं, झालं, एवढ्या दहा दिवसांवर पाणी पडलं.

कोमल कंपनीच्या निळ्या शर्टातच होती, नुकतीच पाळीवरून आलेली. तिने बापाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आबा, यादी करायचीच न्हाई. ज्याचा हात ह्या कोब्याला लागलाय, त्यो आत. ज्याचा न्हाई लागला, त्यो खिडकीत. मंग काका असू दे न्हाईतर चेअरमन. कोन कसा रुसंल? हात लावायला कुनी अडवलं हुतं का?"

महिपती पायरीवरून उठले. वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "पोरीनं डाव टाकला! ह्याला तोड न्हाई." मोजदाद झाली. चौदा बायका, वस्ताद आणि अकरा पैलवान, महिपती, त्यांच्या मंडळी विठाबाई, कोमल, सत्यम, सत्यमचे पाच मित्र, मुकुल आणि आमचे हे. सदतीस. भटजींना धरून अडतीस.

अक्षय तृतीयेला सकाळी आठला बयाबाईंच्या मंडळाने भजन केलं, पांढऱ्याशुभ्र कोब्यावर, अनवाणी, टाळ घेऊन. साडेअकराला वऱ्हाड आलं. व्हरांड्यात माणूस मावेना. बारा खिडक्यांच्या बारा चौकटी फेट्यांनी आणि नऊवाऱ्यांनी गच्च भरल्या. भावकी खिडकीत, चेअरमन खिडकीत, आणि आत कोण, तर तांबड्या मातीतले पैलवान आणि औंढ्याच्या म्हाताऱ्या. सुरुवातीला दोन-तीन नाकं मुरडली. पण नियम सरळ होता, आणि खिडकीतून दिसतही उत्तम होतं. चेअरमन स्वतःच म्हणाले, "कार्यालयात मागनं नुसती टकुरी दिसत्यात. हितं भटजीचं गंधबी दिसतंय." फोटोवाला बूट घालून आत चालला होता, त्याला वस्तादांनी काखेत धरून उचललं आणि व्हरांड्यात ठेवलं.

मीही खिडकीत होते. पूर्वेकडची तिसरी. मोरपंखी पैठणी नेसून, हातात अक्षता घेऊन. कोब्याला माझा हात लागला नव्हता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आत हे उभे होते, नवं धोतर, टोपी, गुडघ्याला पट्टा. एकोणचाळीस वर्षांत मी यांना असं खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं. फार बरे दिसत होते.

घटका भरत आली तेव्हा भटजींनी आवाज दिला. "मुलीचे मामा, मुलीला आणा."

आत कुणीच हललं नाही. विठाबाईंना सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ आहेत, पण ते दहा दिवस व्हरांड्यात तंबाखू मळत बसले होते, त्यामुळे त्या क्षणी ते माझ्या शेजारच्या खिडकीत होते. त्यांतले थोरले उंबऱ्याकडे निघाले, तर त्यांच्याच मेहुण्याने त्यांचा फेटा धरला. "दाजी, नियम म्हंजी नियम." बिचारे परत खिडकीत आले.

महिपतींनी इकडेतिकडे पाहिलं. मग सरळ यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मास्तर, पोरीचं मामा तुमी व्हा."

"मी?" हे म्हणाले. "अहो, माझ्यामुळेच तर सगळा..."

"तुमच्यामुळंच. नारळ घेतला आन शब्द मोडला न्हाई. गुडघं मोडस्तवर बसलात. मामा आनखी काय करतो?"

यांनी नेहमीप्रमाणे नाही म्हटलं नाही. पण या वेळी नक्की, नक्कीही म्हटलं नाही. टोपीने डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडे चालायला लागले. हिरव्या शालूत कोमल बाहेर आली, यांनी तिचा दंड धरला, आणि ती दोघं त्या कोब्यावरून इतकी जपून चालत आली की पाऊल वाजलं नाही.

"मामी कुटं हाय?" विठाबाईंनी विचारलं. "मामाच्या मागं दिवा घिऊन मामी उभी ऱ्हाते आमच्यात."

सदतीस माणसांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मग बाहेरच्या साडेतीनशेंनी. माझे कान तापले. मी मान हलवली. "माझा हात नाही लागलेला," मी म्हणाले. आवाज बारीकच निघाला.

"चंद्रिका," हे आतून म्हणाले.

बयाबाई ओळीतून पुढे आल्या. पुढच्या दाराच्या उंबऱ्यालगत हातभर रुंद पट्टी होती. येण्याजाण्याची वाट म्हणून ती शेवटी ठेवली होती आणि आदल्या संध्याकाळीच भरली होती, अजून ओली होती. त्यावर फळी टाकली होती. बयाबाईंनी फळी बाजूला केली, आपली काळी थापी उंबऱ्यावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "घटका निगून चाललीया, बाई. मार थाप आन ये आत."

"मावशी, पैठणी आहे."

"धुतल्यावर निगतोय चुना. हट निगत न्हाई."

मी खिडकी सोडली. माणसांनी वाट दिली. उंबऱ्याशी पैठणीचा ओचा खोचून मी उकिडवी बसले, एकसष्टाव्या वर्षी, साडेतीनशे पाहुण्यांसमोर. थापी वाटली होती त्याहून हलकी होती. एक थाप मारली. चुना मनगटापर्यंत उडाला. दुसरी मारली. मागून बयाबाईंनी गाण्याची ओळ उचलली, मग चौदा बायकांनी, पैलवानांनी, मग खिडक्या खिडक्यांतून सगळ्या वऱ्हाडाने, आणि माझी थापी कधी तालात पडायला लागली ते मला समजलं नाही. भटजी घड्याळ दाखवत होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग कोमल तिथूनच ओरडली, शालू, मुंडावळ्या आणि सगळ्यांसकट, "मामी, पुरं झालं! माझं लगीन लागू द्या की आता!"

मी थापी ठेवली, चपला तिथेच सोडल्या आणि चुन्याने भरलेल्या हातात दिवा घेऊन आत गेले.